उष्णानंदांचं पेटतं तेल

"पेटला! पेटला!" असं ओरडत एक आजोबा गुडघा धरून नाचत होते आणि सक्करदऱ्याचं मैदान टाळ्यांनी दणाणत होतं. १९७३ सालच्या थंडीनं नागपुरातले निम्मे गुडघे कुरकुरत होते, आणि त्या सगळ्यांना एकदम उष्णानंद महाराज सापडले होते.

"गुडघ्यात वाताचं भूत बसते!" महाराज माईकवर गरजले. "हे तेल साधं खोबऱ्याचं. मी मंत्र मारला का अग्निदेव त्यात उतरते. डॉक्टरच्या गोळ्या नालीत फेका अन् रोज माझ्याभोवती एकवीस चकरा मारा!"

दवाखान्यात नर्स असलेली पुष्पलता दात आवळून ऐकत होती. तिला लहानाचं मोठं केलेली अंजनामावशी चार दिवस चकरा मारत होती. गोळ्या खरंच नालीत गेल्या होत्या, गुडघा पपईएवढा सुजला होता, आणि मावशीला मोरीपर्यंत धरून न्यावं लागत होतं.

"मावशे, बस झालं आता."

"गप वं! गरम लागते न. देव हाय त्यात."

पुष्पलतानं मावशीच्या गुडघ्याचा वास घेतला. वास ओळखीचा होता. पिशवीतली खोबरेलाची बाटली काढून ती तडक मंचावर चढली.

"महाराज, साधंच खोबरेल हाय न? मग माह्या बाटलीतल्या तेलावर मारा मंत्र."

"मारा, महाराज!" लोकांना मजा वाटली. नाही म्हणायची सोय उरली नाही. उमरेडच्या एस.टी.चा कंडक्टर देवाजी गुडघा उघडा करून, तिच्या बाटलीतलं तेल चोळून बसला. महाराजांनी दहा मिनिटं "ॐ भडाभड स्वाहा" केलं.

"लागते का गरम, देवाजीभाऊ?"

"कुल्फीवानी थंड हाय, बाई."

"याची श्रद्धा कमी पडून राहिली!" महाराज कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

"बरं. आता दुसऱ्या गुडघ्याले तुमचं तेल लावू. मंत्र मात्र देवाजीभाऊ म्हणतीन."

देवाजीला एकच मंत्र पाठ होता. "उमरेड, उमरेड! मागं सरका, जागा हाय!" पाचव्या मिनिटाला तो टुणकन उडाला. "पेटला गा!"

मग काय! कोणी बाराचा पाढा म्हणत तेल लावलं, कोणी वांग्यांचा भाव ओरडत. एकूणएक गुडघा पेटला. गडबडीत महाराजांनी तेलकट हातानं डोळा चोळला आणि अग्निदेव तिथेही उतरले. महाराज बोंबलत नळाकडे धावले ते परत आलेच नाहीत.

पुष्पलतानं माईक घेतला. "यात मिरचीचा अर्क अन् विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल हाय. दवाखान्यातल्या मालिशच्या औषधातही असंच काही राहते. कातडी गरम होते, दुखणं घडीभर दबते. तेवढं खरं. पण झिजलेला सांधा त्यानं भरून येत नाही, अन् सुजलेल्या गुडघ्यानं चकरा मारल्या तर दुखणं वाढते."

"म्हणजे मी उगाच फिरली?" मावशीनं विचारलं.

"चौऱ्यांशी चकरा, मावशे!"

मावशी आधी चिडली, मग स्वतःच खो खो हसली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, जेवणानंतरच्या गोळ्या दिल्या आणि सूज उतरल्यावर बसल्या-बसल्या करायचा व्यायाम शिकवला. पंधरा दिवसांत मावशी एकटी मोरीपर्यंत जाऊ लागली. गुडघा अजूनही कुरकुरत होता, आणि डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं.

मंडळी, दुखणाऱ्या माणसाला आशा लागतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कोणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी तो मंत्राशिवाय होतो का, एवढं करून पाहा. आणि गोळ्या बंद करायच्या असतील, तर ज्यानं दिल्या त्या डॉक्टरला विचारा.