साहेबांचा चौथा होल्ड

आमच्या कंपनीत चढायचं काम लिफ्ट करते. आम्ही लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दुरुस्त एकटी ग्रीसताई करते, आणि ती करत असताना बाकीचे आम्ही फोनवर, कागदावर आणि मीटिंगमध्ये घाम गाळतो. मी तक्रारींच्या फोनवर असतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस आतलं बटण दाबतो, ते माझ्या टेबलावर वाजतं आणि मी म्हणतो, "घाबरू नका, दार ओढू नका, माणूस निघालाय." सहा वर्षं एवढंच म्हणतोय. ऑफिसात माझं नावच 'हॅलो' पडलंय. आणि तो निघालेला माणूस म्हणजे दर वेळी ग्रीसताई. पन्नाशीला टेकलेली, हातात पाना, नखांत काळं.

आम्ही दोघंही कंत्राटी. महिनाअखेर दोघांचं कंत्राट संपणार होतं आणि परमनंटची जागा होती एक. दुसऱ्याने घरी बसायचं. कुणीही शहाण्या माणसाने दोघांची कामं बघून पाच मिनिटांत निकाल लावला असता. पण आमचे साहेब नुकतेच नेतृत्वाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथून आल्यापासून त्यांना साधं बोलता येईना. सोमवारी सगळ्यांना उभं करून म्हणाले, "माणूस टेबलावर कळत नाही, भिंतीवर कळतो. शनिवारी सकाळी सगळी टीम क्लाइंबिंगला. जागेचा निर्णय मी तिथेच जाहीर करणार."

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटायची थांबली.

"भिंतीवर म्हणजे? पालीसारखं?"

"तसंच."

"तुला माळ्यावरची बॅग काढताना गरगरतं."

"माहितीय."

"मग ताईंनाच मिळालं म्हण." तिने पुन्हा लाटणं उचललं. मग म्हणाली, "दादाने त्याच्या गॅरेजमध्ये तुझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. परवाच म्हणत होता, भाऊजींना पावत्या फाडायला बसवू."

मेहुण्याच्या हाताखाली पावत्या फाडायच्या! मी जावई झाल्यापासून तो माणूस मला 'सध्या काय चाललंय?' एवढं एकच विचारत आलाय. मी ठरवलं, नखं उपटली तरी चालतील, पण भिंत सोडायची नाही.

शनिवारी गेलो. एक मोठा हॉल, आत शिरताच दुसऱ्याच्या पायांचा वास. काउंटरवर भाड्याचे बूट मिळाले, ते आपल्या मापाहून एक नंबर लहान घालायचे म्हणे, बोटं दुमडली पाहिजेत. पाय चेपून घेऊन वर हसायचं, ही मला वाटलं फक्त नोकरीचीच रीत आहे. भिंतींवर प्लास्टिकचे रंगीबेरंगी ओबडधोबड गोळे बोल्टने ठोकलेले. त्यांना होल्ड म्हणतात. एका रंगाचे होल्ड धरत वर जायचं, तो एक रस्ता. खाली जाड गाद्या. दोर नाही, पट्टा नाही, काही नाही.

शिकवायला एक मुलगी होती, विशीतली, दंड माझ्या मांडीएवढे. तिने पहिली वीस मिनिटं आम्हाला फक्त पडायला शिकवलं. "पाय आधी टेकवायचे, गुडघे वाकवायचे, मग पाठीवर लोळायचं. हात मागे टेकवायचा नाही, मनगट मोडेल." आम्ही रांगेत उभे राहून पडलो. साहेब पडले की आम्ही "वा साहेब" म्हणायचो. ड्रॉइंगवाले काका, ज्यांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती, ते पडल्यावर बराच वेळ उठलेच नाहीत. म्हणाले, "इथं बरं वाटतंय."

मग चढायची वेळ आली. अर्थात साहेब पहिले. आमच्याकडे बिस्किटाच्या बशीतसुद्धा साहेबांच्या आधी कुणाचा हात जात नाही.

मुलीने त्यांना पिवळा रस्ता दिला. सगळ्यात सोपा, एकूण नऊ होल्ड. साहेबांनी हाताला पांढरी पूड एवढी फासली की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले. पहिला होल्ड धरला. दुसरा. तिसरा. चौथ्याला दोन्ही हात पोचले आणि साहेब थांबले. पोट भिंतीला, गाल भिंतीला, एक पाय शिवणयंत्रासारखा थडथडतोय. जमिनीपासून पाय किती वर? आपल्या घरातलं स्टूल असतं ना, तेवढे.

"पुढचा उजवीकडे आहे, सर!" मुलगी म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले.

"सर, उजवा हात सोडा."

साहेबांनी भिंतीला आणखी घट्ट कवटाळलं. हॉलमध्ये शांतता. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून, देवाशपथ, सवयीने निघून गेलं, "घाबरू नका, दार ओढू नका, माणूस निघालाय."

मागे ग्रीसताई फिसकन हसली. सेल्सवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. साहेब धपकन गादीवर आले, मनगट नीट सांभाळून, आणि उठताना माझ्याकडे असं बघितलं की मला गॅरेजमधला ऑइलचा वास आला.

"चौथा होल्ड टेक्निकल आहे," साहेब अंग झटकत म्हणाले. "तिथे कुणाचाही कस लागेल."

झालं. राजा बोले, दळ हाले. पुढे जे घडलं ते कुणी ठरवलेलं नव्हतं, ठरवायची गरजच नव्हती. सेल्सवाला रोज जिममध्ये जातो, त्याच्या शर्टाच्या बाह्या दंडावर फाटायला आलेल्या असतात. तो तीन होल्ड माकडासारखा गेला, चौथ्याला हात लावला, "बाप रे!" म्हणाला आणि पडला. स्टोअरवाली तिसऱ्यावरूनच पडली, एक पायरी जास्तच आदर. काकांनी पहिला होल्ड धरला, साहेबांकडे बघून मान हलवली, "टेक्निकल आहे," म्हणाले आणि परत जाऊन गादीवर आडवे झाले.

मुलीला कळेना. "या रस्त्यावर सहा वर्षांची पोरं चढतात हो!" तिला वाटलं होल्डच फिरतोय. बिचारीने पाना आणून चौथ्या होल्डचा बोल्ट आवळला. पुन्हा दोन जण चढले, पुन्हा दोन जण तिथूनच पडले. तिने पुन्हा आवळला. तो बोल्ट आता पृथ्वी संपली तरी निघणार नाही.

मग माझा नंबर.

खरं सांगतो, मला वाटलं होतं की मी दुसऱ्यावरच गारद होईन. पण मुलगी म्हणाली, "काका, हातांनी ओढू नका, पायांनी उभे राहा." मी उभा राहिलो. तिसऱ्यावर उभा राहिलो. चौथा हातात आला तर काय, कढईच्या कानासारखा होल्ड! चारही बोटं आत जात होती. यात टेक्निकल काय होतं? पाचवा माझ्या नाकासमोर होता. सहावा त्याच्या शेजारीच. गरगरत नव्हतं. अंगातून काहीतरी सळसळत वर गेलं, शाळेत असताना एकदा कंपाउंडवरून उडी मारली होती तेव्हा गेलं होतं तसं. मी पाचव्यावर हात ठेवला.

आणि खाली बघितलं.

सगळे वर बघत होते. साहेब हसत होते, पण त्यांचे डोळे हसण्यात सामील नव्हते. स्टोअरवालीने मान जरा, जराशीच, हलवली. नको म्हणून.

मी पाचव्यावरचा हात काढून चौथ्यावर आणला. मग दोन्ही हात सोडले. वीस मिनिटं शिकवलं होतं ते सगळं वापरून पडलो: पाय, गुडघे, पाठ. मुलगी म्हणाली, "पडलात मस्त!" साहेबांनी स्वतः हात देऊन उठवलं. "शाब्बास, हॅलो. मनापासून प्रयत्न केलात." चढल्याबद्दल मला आयुष्यात कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं, पडल्याबद्दल मिळालं.

शेवटी ग्रीसताई. तिने पूड घेतली नाही. हात पँटला पुसले आणि गेली. एक, दोन, तीन, चार. चौथ्यावर ती थांबलीसुद्धा नाही. नववा होल्ड एका हाताने धरून वरून आमच्याकडे वळली, जणू माळ्यावरून डबा काढून द्यायला चढलीय.

"साहेब, चौथ्यात काही नाही हो! पाय तिसऱ्यावर घ्या, झालं!"

कुणीही टाळी वाजवली नाही. मुलीने वाजवली, एकटीने, मग तिलाच कसंतरी झालं.

"छान," साहेब म्हणाले. "उत्तम. पण ताई, शिबिरात आम्हाला एक शिकवलं. टीमला खाली ठेवून एकट्याने वर जाणं, याला यश म्हणत नाहीत."

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी बारा मजले वर लोंबकळते तेव्हा टीम कुठे असते?"

"तुम्ही आधी खाली या. मग बोलू."

"इथूनच बोला की. चांगलं ऐकू येतंय. जागा कुणाला?"

साहेबांची मान वर करून करून लाल झाली होती. हाताखालच्या माणसाशी मान वर करून बोलायची त्यांना सवय नव्हती. "टीममध्ये जो मिसळतो त्याला," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर पांढराफटक हात ठेवला. "हॅलो, अभिनंदन. सोमवारी पत्र."

आता टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मी हात जोडले, मान लववली, जे जे करायचं असतं ते केलं. ग्रीसताई होल्ड धरत धरत उतरली, उडी न मारता, आणि माझ्याजवळ आली.

"पडलास की सोडलंस?"

"पडलो, ताई."

"बत्तीस वर्षं लिफ्ट बघतेय," ती म्हणाली. "ब्रेक घसरलेला आणि कुणी मुद्दाम सोडलेला, दोन्हींचा आवाज वेगळा असतो."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती जाऊन पाणी प्यायली, मग शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "तो निळा रस्ता अवघड आहे का गं?"

"खूप, मावशी."

"मग वेळ आहे ना अजून?"

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "मिळालं," म्हटलं. पलीकडे ती एवढ्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "म्हणजे तू वरपर्यंत गेलास?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यात वर."

आत ग्रुप फोटो चालला होता. साहेब मधोमध, दोन बोटं वर करून विजयाची खूण, त्यांच्या शेजारी मी, बाकी सगळे आजूबाजूला, काका गादीवर आडवेच. मुलीने विचारलं, "त्या मावशी नाही का येणार?" साहेब म्हणाले, "त्या बिझी आहेत. घ्या तुम्ही."

पुढच्या महिन्यात ऑफिसात फोटो फ्रेम करून आला तेव्हा ग्रीसताई कंपनीत नव्हती. पण फोटोत होती. आमच्या डोक्यांच्या बरोबर वर, निळ्या रस्त्यावर, तिच्या बुटांचे दोन तळवे साहेबांच्या टकलावर आले होते. साहेबांनी फ्रेम परत पाठवली आणि फोटो वरून चार बोटं कापून घेतला. ताई गेली, आणि तिच्याबरोबर साहेबांची वर केलेली दोन बोटंही गेली. आता त्या फोटोत साहेब नुसतीच मूठ उगारून उभे आहेत, कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे.

रिसेप्शनच्या भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा बघतो. साहेबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. मी परमनंट आहे.