दुःख नव्हे, घसा

नळी मास्कला जिथं मिळते तिथं एक बारीक भोक होतं, तांदळाचा दाणा अडकेल एवढं, आणि त्यातून वारा सारखा बाहेर येत होता. वापरलेला श्वास तिथून जातो, ते कधी बुजवू नका, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून अण्णांनी त्याच्यावर बोट ठेवलं. यंत्राचा आवाज घोगरा झाला. बोट काढलं, पुन्हा तोच सूंऽऽ. मास्क नाकावर नव्हता, उशीजवळ पडला होता, रोजच्यासारखा. रात्री कधीतरी आपणच तो ओढून काढतो आणि यंत्र सकाळपर्यंत गादीला वारा घालत बसतं. गादी तेवढी निरोगी झाली असेल.

डोकं दुखत होतं. सकाळचं ठरलेलं दुखणं, कपाळात वीट ठेवल्यासारखं.

"अण्णा, काढलासा की परत." भरतेश दारात उभा. अंघोळ होऊन दुकानात जायच्या तयारीत, खिशाला पेन.

"मी न्हाई काढला. त्योच निघाला."

"मागनं पट्टा बांधलेला असतोय. त्यो आपोआप कसा निघंल?"

"यंत्राला इच्यार. तूच आणलंयस न्हवं?"

भरतेशनं वाकून यंत्राचं बटण बंद केलं. पूर्वी तो बोलायचा, हल्ली बोलत नाही... बापाशी वाद घालणंही त्यानं सोडून दिलं होतं, आणि अण्णांना ते वादापेक्षा जास्त लागत होतं. पेठेत तोंडाला हळदीचं दुकान, मागं घर. या दोहोंच्या मधल्या दारातून अण्णा चाळीस वर्षं ये-जा करत आले होते, आणि आता त्या दारात पोरगा उभा राहून सांगत होता की महिनाभर मास्क लावून नीट झोपा, मग पेढीवर या. म्हणजे शिक्षाच. नाथाजीच्या सौद्याची.

मार्केट यार्डात सौदे उघड बोलीनं व्हायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, पण पेढीवर दोन जुनी माणसं बसली की अजून हातावर रुमाल टाकतात. रुमालाखाली बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा, बोटांनीच नाही म्हणायचं, आणि एकानं दुसऱ्याची सगळी मूठ आवळली की सौदा पटला. रुमाल उचलला की शब्द फिरवायचा नाही. शब्द कसला, शब्द उच्चारलेलाच नसतो, पण फिरवायचा नाही. तर त्या दिवशी कुंडलचा शेतकरी नाथाजी समोर होता, हात रुमालाखाली होते, आणि अण्णांना डुलकी लागली. बसल्या बसल्या. घशात काहीतरी अडकलं, जीव घुसमटला, आणि दचकून त्यांनी हाताला जे लागलं ते घट्ट धरलं — नाथाजीची मूठ. नाथाजीनं नुकताच चढा भाव सांगितला होता, उगीच, घासाघीस सुरू करायला म्हणून. त्याच भावाला हळद पटली. अण्णांनी ती घेतली. डुलकी लागली होती असं म्हणता आलं असतं. मग हात रुमालाखाली घालायचाच कशाला?

सगळे म्हणाले, बायको पद्मावती गेल्यापासून अण्णांचं ध्यान उडालंय.

आणि अण्णांनाही तेच वाटत होतं. गेल्या श्रावणात ती गेली, आणि त्यानंतर हे जड होत जाणं सुरू झालं. पाय जड, डोळे जड, जिथं बसेल तिथं मान खाली. फलटणहून मेव्हणी भेटायला आली आणि ती बोलत असतानाच अण्णा झोपले, तर तिनं डोळ्याला पदर लावला, बघा, किती खचलेत दाजी. कुणी हसलं नाही. बायको गेलेल्या माणसाला काहीही माफ असतं. अण्णांनी ते ओझं मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं, कारण ते तिचं होतं... बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढं तरी जड व्हायलाच पाहिजे माणूस. हलका राहिलो असतो तर मलाच माझी लाज वाटली असती.

मग भरतेश त्यांना पुण्याला घेऊन गेला. डोक्याला, छातीला वायरी चिकटवून एक रात्र झोपवलं, सकाळी कागदावर रेघा दाखवल्या. ही बघा, इथं रेघ सपाट आहे, इथं तुमचा श्वास थांबला, इथं पुन्हा थांबला. भरतेशच्याच वयाचा डॉक्टर. अण्णा म्हणाले, मंडळी गेली, तेव्हापासून असं होतंय. त्यावर तो चांगल्या मनानं, अगदी धीर देत म्हणाला — "काका, हे दुःख नव्हे, घसा आहे. झोपेत घसा मिटतो. बरीच वर्षं मिटत असणार, आता वाढलंय. हा मास्क लावा. बघा आठ दिवसांत कसे हलके होता."

परतीच्या वाटेवर साताऱ्याला चहाला थांबले. हातात कप धरून अण्णांना पुन्हा डुलकी लागली आणि भरतेशनं तो कप हळूच काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून घेतात तसा. अण्णांना ते कळलं होतं. डोळे मिटलेलेच ठेवून ते बसून राहिले होते आणि आत एकच गोष्ट फिरत होती... हलके होता म्हणे. आठ दिवसांत. आठ दिवसांत हलका झालो तर मग हे वर्ष काय होतं? घोरणं? मेव्हणी रडली ती माझ्या घोरण्यापायी? बायको गेली ती गेली, आता तिचं दुःखही घशातलं मांस ठरवलं यांनी. नाही लावणार मी. घुसमटून मेलो तर मेलो, पण स्वतःच्या दुःखानं मरेन.

हे भरतेशला सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून मग मास्क आपोआप निघत होता.

दुपारी चंदनानं, सुनेनं, यंत्राचं बटण दाबून दिलं. जागेपणी रोज थोडा वेळ लावून बसायचं, म्हणजे सवय होते, हाही डॉक्टरांचाच हुकूम. चंदना कधी आग्रह करायची नाही. बटण दाबायची, पेपर हाताशी ठेवायची आणि निघून जायची, आणि अण्णा मास्क गुडघ्यावर ठेवून पेपर वाचायचे. गुडघ्याला वारा लागायचा.

दुकानात कुणाचा तरी आवाज चढला. "तुज्याशी न्हाई बोलायचं मला, अण्णास्नी भेटायचंय." मागोमाग भरतेशचा समजावणीचा सूर, अण्णा झोपलेत, भाव माझ्याशी बोला. झोपलेत! अण्णा ताठ बसले.

नाथाजी मधल्या दारातून आत आला. पटका, हातात नमुन्याची पुरचुंडी. खाटेजवळचं यंत्र, नळी, गुडघ्यावरचा मास्क, सगळं त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आवं अण्णा, ह्ये काय? इमान चालवायला निघालासा व्हय?"

"बस. सांगली-पुणे. तिकीट काढलंयस का?"

नाथाजी मोठ्यानं हसला, खाटेच्या कडेला टेकला. पुरचुंडी सोडली. अण्णांनी एक हळकुंड उचलून कटकन मोडलं, आतला रंग उजेडाकडे धरून पाहिला. माल चांगला होता. भरतेश दारातच उभा होता.

"झोपंचं यंत्र म्हणत्यात हे," नाथाजी म्हणाला. "तुमचं एक बरं हाय म्हणायचं. वैनी गेल्या, पर झोप तरी लागती. माजी हरणाबाई गेली तवा दीड वरीस डोळ्याला डोळा लागला न्हाई बगा. रातभर गोठ्यात बसून ऱ्हायचो, म्हशीसंगं."

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तो आपला सांगत होता. पण अण्णांना ते झोंबलं. हा जागत बसला आणि मी झोपलो. याची बायको गेली तर याला झोप येईना, माझी गेली तर मला जाग येईना. आता काय सांगू याला? की ते दुःख नव्हतं? की होतं? दोन्ही खोटं वाटत होतं. नाथाजी उत्तराची वाट पाहत होता.

अण्णांनी मास्क उचलला आणि नाकावर चढवला. पट्टा मागं ओढला. वारा नाकात घुसला, छातीपर्यंत गेला. मास्क लावून तोंड उघडलं की सगळा वारा भस्सकन तोंडावाटे निघून जातो, बोलताच येत नाही. बरं झालं. आता उत्तर देणं नको. आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"अण्णा..." भरतेश म्हणाला.

अण्णांनी डावा हात वर केला. गप.

नाथाजीचा हात रुमालाखाली आला. खरखरीत, अंगठ्याला चीर. त्यानं बोटं धरली, चढीच. अण्णांनी ती झटकली, आपली धरली. त्यानं एक वाढवलं. अण्णांनी पेर दाबलं. यंत्र सूं करत होतं, समोरचा माणूस त्यांच्या नाकाकडं बघत होता, आणि अण्णा त्याच्या डोळ्यांकडं. एकेक पेर कळत होतं. कुठं तो खरा अडतोय आणि कुठं नुसता अडवतोय, तेही. शेवटी नाथाजीनंच त्यांची मूठ आवळली.

"कितीला?" भरतेशनं विचारलं.

"तुज्या बाला इच्यार," नाथाजी रुमाल उचलत म्हणाला. "सांगंल नाकानं." आणि उठता उठता, आवाज खाली आणून, "आज जागं हायसा अण्णा."

तो गेला तरी अण्णांनी मास्क काढला नाही. भरतेश बघत होता म्हणून. बघ म्हणावं. घरात बसवतोस काय मला. लावायचा ठरवला तर लावतो, काढायचा ठरवला तर काढतो, पण तुझ्या सांगण्यावरून एकही नाही. तसेच कुशीवर वळले, आणि त्या रागातच कधीतरी झोप लागली.

जाग आली तेव्हा प्रथम कळलंच नाही काय वेगळं आहे. दचकून उठलो नव्हतो. घशात हात घालून कुणी ओढल्यासारखं झालं नव्हतं. कपाळातली वीट... नव्हती. डोळे आपोआप उघडले होते, आणि ऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिरपं पडलं होतं. आत भाकरी थापल्याचा आवाज, आमटीचा वास. दिवस मावळायच्या आत जेवणारं जैनांचं घर, त्याची ही घाईची वेळ.

ही वेळ अण्णांनी वर्षभर पाहिली नव्हती. या वेळी ते झोपलेले असत. चंदना उठवायची, अर्धवट झोपेतच ते चार घास खायचे, पुन्हा आडवे. आणि ही तर पद्मावतीची वेळ होती. घड्याळाकडं ती कधी बघायची नाही, उन्हाकडं बघायची, पिठाचे हात पदराला पुसत त्या उंबऱ्यावर यायची. तिच्या माहेरकडच्या बायका पुरुषासारखं बोलत, मी येतो, मी जातो. 'उठा, ऊन भिंतीवर चढलं. मी वाढतो.' रोज. बेचाळीस वर्षं रोज.

उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

आणि मग ते आलं. जड नव्हतं. वर्षभर ज्याला अण्णा तिचं दुःख समजत होते ते हे नव्हतंच. हे बारीक होतं, धारदार, काटा नेमका कुठं मोडलाय ते कळावं तसं, आणि अंगावर झोपेचा एक पापुद्राही उरला नव्हता त्याला अडवायला. असं आहे होय हे. म्हणजे मी याच्यावर गोधडी घालून झोपलो होतो वर्षभर. डॉक्टरा, घसा तुझा खरा. पण घसा उघडल्यावर पुढं हे आहे, ते तुझ्या कागदावर कुठं होतं?

हात पट्ट्याकडं गेला. पट्टा काढून आडवं व्हायचं. थोड्याच वेळात घसा मिटेल, तो ओळखीचा जडपणा येईल, मेव्हणीला रडवणारा, सगळ्यांना पटणारा... बोटं पट्ट्यावर तशीच राहिली.

"अण्णा," चंदनानं आतून हाक मारली, "ऊन चाललंय. ताट वाढू न्हवं?"

तोंड उघडलं असतं तर सगळा वारा गेला असता. अण्णांनी तोंड घट्ट मिटलं. हात खाली घेतला, दोन्ही पाय खाटेखाली सोडले आणि उंबऱ्याकडं तोंड करून बसले. ये म्हणावं. काय यायचं ते येऊ दे. डोळे भरून आले तरी त्यांनी ते मिटले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांचं वर्ष झालं होतं. ऊन सरकत होतं, आणि जागा आहे मी, असं ते आतल्या आत पुन्हा पुन्हा कुणाला तरी सांगत होते.