ओढून आणलेली माणसं

"डोलिना, बाबांचा काळा कोट कुठाय गं?"

तिचा भाऊ टॉर्किल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. गुळगुळीत दाढी, हनुवटीवर वस्तरा लागलेला आणि त्या जागी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या मटणाच्या सूपमध्ये गाजरे चिरून टाकता टाकता डोलिनाचा हात थांबला.

"कोट? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मी चर्चला येतोय."

"टॉर्किल, आज शुक्रवार. आज प्रश्नाचा दिवस. दुपारपर्यंत नुसती म्हाताऱ्यांची बोलणी चालतात. तुला एक पेपरमिंटची गोळी सोडली तर काही मिळायचं नाही."

"ठाऊक आहे. मीही याच घरात जन्मलोय."

डोलिनाने त्याच्याकडे नीट पाहिले. डोळे लाल होते, पण पिऊन आलेले लाल नव्हते. तेवढा फरक तिला कळत होता. तीस-पस्तीस वर्षे ती लुईस बेटाच्या या किनाऱ्यावर नर्स होती. गावातली निम्मी माणसे जन्मली तेव्हा आधी तिच्या हातात आली होती, आणि जी गेली त्यांतल्या कितीतरी जणांचे डोळे तिनेच मिटले होते. घराघरांत तिला मान होता. फक्त चर्चमध्ये ती मागून तिसऱ्या बाकावर बसे, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला कधी पुढे जात नसे.

यात कुणाला नवल वाटत नव्हते. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, प्रभुभोजनाचा सण येई. गुरुवारपासून सोमवारपर्यंत उपासना चालत, इतर गावांचे पाहुणे येत, घरोघरी मोठी पातेली चुलीवर चढत. पण रविवारी त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी बसत ती मोजकीच माणसे. ज्याला देवाने स्वतः ओढून घेतले आहे, आणि ज्याला ते मनातून पटले आहे, त्याने जायचे. बाकीच्या मंडळीने मागे बसून पाहायचे. पुष्कळ जण पाळण्यापासून तिरडीपर्यंत मागेच बसत.

डोलिनाच्या आईला ती ओढ लागली होती दलदलीत, चुलीसाठी पीट, म्हणजे जळणाची माती, कापताना. हातातले फावडे टाकून ती चिखलातच गुडघ्यांवर बसली, आणि कित्येक दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. डोलिना तेव्हा लहान होती. पोरांचे दुधाचे दात पडून नवे येतात, तसे हेही वेळ आली की आपल्याला होईल, असे तिने धरून ठेवले. वेळ काही आली नाही. तरुणपणी आली नाही, केस पिकल्यावर आली नाही. ती दर रविवारी सकाळ-संध्याकाळ चर्चला गेली, आजाऱ्यांच्या उशाशी स्तोत्रे म्हटली, आणि काही होते का याची वाट पाहिली.

आणि टॉर्किल! आधी देवमाशांच्या शिकारीच्या बोटीवर, मग मालवाहू जहाजांवर उभे आयुष्य घालवून तो दोन वर्षांपूर्वी एक कॅनव्हासची पिशवी आणि एक दुखरा गुडघा घेऊन घरी परतला होता. पेन्शन हातात पडली की किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोपटात मित्रांबरोबर बसायचे, हा त्याचा धर्म.

"कोट माझ्या कपाटात आहे," ती म्हणाली. "आणि ते कागद काढ हनुवटीचे. पाळकसाहेब घाबरतील."

त्या दिवशी प्रश्न मांडायला हेक्टर उठला. हेक्टर मंडळीतला एक वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, एरवी मेंढ्या पाळणारा. डोलिनाच्या वर्गात होता आणि शाळेत तिची वेणी ओढायचा. आता पांढऱ्या मिशीतून तो सावकाश बोलला, "पित्यानं ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असं प्रभू म्हणतो. तर भावांनो, खरोखर ओढला गेलेला माणूस आणि नुसता सवयीनं येणारा माणूस, यांना ओळखायचं कसं?"

डोलिनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सवयीने येणारा माणूस. तिचे नाव घेतले असते तरी चालले असते.

एकेक पुरुष उठून बोलू लागला. एक म्हणाला, ओढलेला माणूस आधी उलटा पळतो. दुसरा म्हणाला, त्याला स्वतःच्या पापाची घाण येते. एकाला तर ती घटका आठवत होती. गाय पान्हवत नव्हती आणि बाहेर गारा पडत होत्या. बायकांनी या दिवशी बोलायचे नसते, म्हणून डोलिना गप्प होती. बोलता आले असते तर तिने एवढेच विचारले असते, की ज्याला कुणी ओढतच नाही, त्याने काय करायचे?

शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. टॉर्किल रडत होता, भरल्या चर्चमध्ये, लहान पोरासारखा. काय करावे न सुचून तिने त्याच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवली.

शनिवारी टेबलाशी बसू इच्छिणाऱ्यांनी वडिलांच्या सभेपुढे जायचे असते. त्यांची खात्री पटली तर ते शिशाचा छोटा बिल्ला देतात, आणि रविवारी तो दाखवून पुढे बसता येते. टॉर्किल गेला आणि तासाभराने हेक्टरच डोलिनाच्या दारात उभा राहिला.

"दिला बिल्ला," तो म्हणाला.

"त्याला? दोन वर्षांपूर्वी आलेल्याला?"

"चहा देतेस का उभ्यानंच भांडतेस?"

तिने चहा ओतला. हेक्टर खुर्चीत टेकला, त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पाळकसाहेबांनी विचारलं त्याला, बाबा रे, तुला कशानं ओढलं? तर म्हणाला, थंडीत एकदा सकाळी शेडमध्ये पडलो होतो, आदल्या दिवसाची उतरली नव्हती. भिंतीपलीकडे बहीण भांडी घासताना स्तोत्र म्हणत होती. एक ओळ चुकायची आणि परत तीच घ्यायची. म्हणाला, ती माझ्यासाठी गात नव्हती. कुणासाठीच गात नव्हती. आणि मला वाटलं, ती जिथं आहे तिथं मला जायचंय."

डोलिनाने किटली खाली आपटली. "अरे, मी पातेलं घासत होते! तळाला ओट्सची लापशी लागली होती. मी कुठंही नव्हते!"

"ते मी काय सांगू? त्यानं सांगितलं ते सांगतोय." हेक्टर घोट घेऊन थांबला. मग हळूच म्हणाला, "सभा अजून उठलेली नाही. येतेस?"

"नाही."

"डोलिना..."

"त्याला लागलेली ओढ मी माझ्या नावावर कशी लावू, हेक्टर? खोटं होईल ते."

"मग इतकी वर्षं येतेस कशाला?"

"रविवारी या गावात माणूस दुसरीकडं जाणार कुठं?"

दोघेही हसले. पण हेक्टर गेल्यावर तिने त्याचा कप दोनदा घासला. सख्ख्या भावाचा हेवा वाटावा, तोही या गोष्टीचा, याची तिला लाज वाटली. त्या संध्याकाळी खारवलेल्या हेरिंग माशाचा मोठा तुकडा तिने त्याच्या ताटात वाढला आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी स्तोत्राच्या लांबच लांब सुरांवर टॉर्किल मधल्या वाटेने पुढे गेला. बाबांचा कोट त्याला खांद्यात सैल होता. मागून तिला त्याची मान दिसत होती, आदल्या दिवशी तिनेच केस कापलेली, उघडी, सुरकुतलेली. त्या मानेकडे पाहता पाहता तिचा राग कुठे गेला ते तिला कळले नाही.

ख्रिसमसपर्यंत सगळे ठीक चालले. मग नवे वर्ष आले. पहिल्या तारखेला सकाळी हेक्टरचा ट्रॅक्टर अंगणात थांबला. मागच्या ट्रेलरमध्ये गवतावर टॉर्किल आडवा पडला होता, आणि ऊब म्हणून हेक्टरने त्याच्या छातीवर आपला कुत्रा बसवला होता.

"खोपटामागं सापडला," हेक्टर म्हणाला. "जिवंत आहे. मी त्याला बोललो नाही काही. तूही नको बोलूस."

डोलिनाने ओले कपडे उतरवले, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, नाडी पाहिली. दुपारी तो शुद्धीवर आला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"संपलं," तो भिंतीला म्हणाला. "खोटी होती ती ओढ. खरी असती तर मी तिथं गेलो असतो का?"

"सूप पी."

"त्या हेक्टरच्या प्रश्नाचं उत्तर मीच आहे बघ. सवयीचा माणूस. माझी सवय वेगळी, एवढंच."

"टॉर्किल, बोटीवर दोर लावून देवमासा ओढायचात ना तुम्ही? तो काय गुपचूप यायचा?"

"गुपचूप?" इतक्या हालातही त्याला हसू फुटले. "अगं, अख्खी बोट फरफटत न्यायचा. एकदा तर दिवसभर आम्ही त्याच्या मागं, का तो आमच्या मागं, हेच कळेना."

"मग? ओढ खोटी होती का?"

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "पुढं त्या देवमाशाचं काय व्हायचं ते सांगू?"

"नको. सूप पी."

"आणि दोर तुटायचाही, डोलिना."

"तुटला असता तर तू आज इथं तोंड लपवून रडला नसतास. मजेत झोपला असतास. ज्याला काही लागलेलंच नाही, त्याला दुखेल कशाला?"

बोलून गेली आणि चमचा तिच्या हातातच राहिला. टॉर्किल तोंड उघडून वाट पाहत होता.

"काय झालं?"

"काही नाही. गरम आहे, फुंकर घालतेय," ती म्हणाली.

पण ते वाक्य तिच्या मागे लागले. गोठ्यात, दुकानात, चर्चच्या बाकावर ते तिला गाठू लागले. आईसारखे सगळे काही जाणवूनही टॉर्किल खोपटामागे पडला होता. ती स्वतः, काहीच न जाणवता, एक रविवार चुकली नव्हती. आणि दर सणाला त्या पांढऱ्या चादरीकडे पाहताना छातीत जे दुखायचे, त्याला ती आजवर देवाने आपल्याला टाकल्याची खूण समजत आली होती.

मार्चमधल्या सणाच्या शनिवारी टॉर्किलने आपली जुनी व्हॅन चर्चच्या सभागृहासमोर उभी केली आणि इंजिन बंदच करीना. आत जाऊन झाल्या गोष्टीची कबुली द्यायची होती. वाऱ्याने व्हॅन हलत होती.

"जा ना," डोलिना म्हणाली.

"जातो. जरा दम घेऊ दे."

"मघापासून दमच घेतोयस."

"तुला काय जातंय बोलायला? तू कधी गेलीस आत?"

डोलिनाने हातमोजे चढवले, टोपीची पिन चाचपली आणि दार उघडले. "मी जाते आधी. माझं ऐकून झालं की तुझं त्यांना सोपं वाटेल."

तो काही बोलायच्या आत ती निम्म्या अंगणात पोचली होती.

आत वडील ओळीने बसले होते. तरुण पाळकसाहेब तिला पाहून गडबडले आणि उठून उभे राहिले. हेक्टर खिडकीबाहेर पाहू लागला.

"बसा, डोलिनाबाई. देवानं तुम्हाला कसं ओढलं, ते सांगाल का?"

"नाही सांगता येणार, पाळकसाहेब. मला कधी काही जाणवलंच नाही. आईला झालं तसं नाही, भावाला झालं तसं नाही. मी पुष्कळ वाट बघितली. आता बिल्ला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी खोटं बोलणार नाही. पण त्या टेबलापासून लांब बसणं मला सोसत नाही. एवढंच आहे माझ्यापाशी."

 मग सगळ्यांत वयस्क वडिलांनी घसा खाकरला. "कधीपासून सोसत नाही, पोरी?"

तिला कुणी पोरी म्हणून किती वर्षे झाली होती! तिने विचार केला.

"आईला पहिल्यांदा तिथं बसलेलं पाहिलं तेव्हापासून."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. म्हाताऱ्याने डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हटले, "मग तुला आणखी काय जाणवायचं राहिलं होतं?" हेक्टरने उठून बिल्ला तिच्या हातमोज्यात ठेवला. हात सोडताना तो पुटपुटला, "वेणी ओढायचो तेव्हा तरी ओरडायचीस."

टॉर्किल आत गेला तो पुष्कळ वेळाने बाहेर आला. नाक लाल झाले होते.

"ओरडले?"

"नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. या वेळी थांब म्हणाले. सप्टेंबरला ये." त्याने किल्ली फिरवली. मग तिच्या मुठीकडे पाहून विचारले, "तुझं?"

तिने मूठ उघडली. त्याने बिल्ला बोटाने उलटवून पाहिला.

"तू थांबलास तर मीही थांबते," ती म्हणाली.

"खबरदार! आयुष्यभर थांबलीस तेवढं पुरे झालं. तू पुढं जा. मी बसतो तुझ्या बाकावर, थंड पडायला नको."

रविवारी ती मधल्या वाटेने गेली. आपले पाय आपल्याला नेत आहेत एवढेच तिला कळत होते. टेबलाशी तिच्या शेजारी शेजारच्या हॅरिसहून आलेली एक अनोळखी म्हातारी बसली होती. भाकर हातोहात पुढे सरकली. मग कप आला. म्हातारीचे हात इतके थरथरत होते की द्राक्षारस काठावर हिंदकळला, आणि ती घाबरून इकडेतिकडे पाहू लागली.

डोलिनाने हातमोजा काढला, एक हात कपाखाली धरला आणि दुसरा म्हातारीच्या मानेमागे. "छोटा घोट घ्या," ती कुजबुजली. "घाई नाही. गिळा. हं, झालं." म्हातारीने डोळे मिटून मान हलवली. तिच्या हनुवटीवर एक थेंब ओघळला. डोलिनाने कप ओठांना लावला, पलीकडच्या माणसाकडे दिला आणि रुमाल काढून म्हातारीची हनुवटी टिपली. मग तिचे लोकरी जाकीट नीट केले, सुटलेले बटण लावले.

आपणही प्यायलो, हे तिच्या लक्षात आले तेव्हा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.