जुन्यासारखी नवी

"आधी दोन्ही हातात घेऊन बघ, मग बोल," म्हणत दुकानदार व्हर्नाने दोन बंदुका काउंटरवर ठेवल्या.

डेल्मर स्टकीने डावीकडची उचलली. शंभर वर्षांपूर्वीची, अस्सल. नळीवरचा निळा रंग उडून करडा झालेला, लाकडी दस्ता कुणाकुणाच्या गालांनी गुळगुळीत केलेला. दर बाराआधी ओढायची ती नळीखालची मूठ त्याने मागे ओढली. लोण्यातून सुरी जावी तशी ती सरकली. दुसरी दिसायला तिची जुळी बहीण, पण हल्लीच चीनमध्ये बनलेली. तिची मूठ खरखरत, अडखळत मागे आली.

"ही भांडते गं."

"नवी आहे ना. पण हिचे सुटे भाग मिळतात. जुनीचं काही मोडलं की बस शोधत. तुझ्या वडिलांच्या बंदुकीचं काय झालं?"

वडिलांच्या बंदुकीच्या पोलादाला तडा गेला होता. आता भिंतीवर टांग, असं कारागिराने सांगितलं होतं. डेल्मरला बंदूक लागायची ती रविवारपुरती. गावाबाहेरच्या माळावर दहा-बारा म्हातारे जुन्या गुराख्यांचा वेष करून लोखंडी पाट्यांवर नेम धरायचे, एकमेकांची टिंगल करायचे. बायको, लॉर्ना, गेल्यापासून आठवड्यात त्याच्याशी कोणी बोललंच, तर तिथे.

"आलो," म्हणून तो बाहेर गाडीत जाऊन बसला आणि सिअ‍ॅटलला मुलीला फोन लावला.

"जॅनेल, एक जुनी बंदूक घेतोय. चांगली आहे. माझ्यामागे तू ठेवशील?"

"आमच्याकडे? नको हं बाबा. मुलं लहान आहेत." मग जरा थांबून, "बरं आहे ना तुमचं?"

"अगदी. थंडी पडलीय इकडे."

आत येऊन त्याने चिनी बंदुकीकडे बोट दाखवलं.

"अरे, पण मन तर जुनीवर होतं तुझं!"

"अस्सल वस्तू पुढच्या माणसासाठी घ्यायची, व्हर्ना. मला ही पुरेल."

व्हर्नाने पेटी बांधली आणि गाडीपर्यंत स्वतः आणून दिली.

रविवारी त्या म्हाताऱ्यांतल्या रॉयसने सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "काय रे, हिच्याबरोबर नूडल्स फुकट मिळाल्या का?" ऐन नेमाच्या वेळी मूठ अडकली. डेल्मरचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. पुढच्या आठवड्यात बर्फ पडला आणि माळ बंद झाला.

त्या हिवाळ्यात संध्याकाळचं सूप संपलं की तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रिकामी बंदूक घेऊन बसे. ती खोलून आतल्या धारदार कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या, तेलाचा थेंब सोडायचा, जोडायची. मग मूठ मागे, मूठ पुढे. खिडकीबाहेर अंधार झाला तरी हात चालूच. सुरुवातीला तो मोजायचा, नंतर मोजणं सुटलं.

नाताळला जॅनेलचा फोन आला.

"कसला आवाज येतोय, बाबा? कोणी आलंय का?"

"कोणी नाही. दार वाजतंय वाऱ्याने," तो म्हणाला आणि हात थांबवला.

एप्रिलमध्ये माळ उघडला. रॉयसने थट्टा करायलाच बंदूक हातात घेतली, मूठ ओढली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"च्यायला! ही तर माझ्या जुनीपेक्षा मऊ चालते. कुठल्या कारागिराकडून करून घेतलीस?"

"कुणाकडून नाही," डेल्मर म्हणाला. "हिवाळा मोठा होता."

रॉयस हसायला लागला आणि मधेच थांबला. मग दोन्ही हातांवर आडवी धरून त्याने ती बंदूक डेल्मरला परत दिली.