शेततळ्यातला दात

घाटनांदूरचे किराणा दुकानदार नागप्पा यांच्या शेतात शेततळं खोदताना जेसीबीला दगडासारखा जड दात लागला. वीतभर लांब, वर आडव्या धारा, पाट्याला छिन्नीनं टाकी लावावी तशा.

तिसऱ्या दिवशी पुढारी भगवानराव एका पाहुण्याला घेऊन शेतात हजर झाले. नाव योगीराज, स्वतःला संशोधक म्हणवायचा. दात पाहताच त्यानं हात जोडले.

"हा द्वापारयुगातल्या माणसाचा दात आहे. माणूस तेव्हा पंधरा हात उंच होता. आता विज्ञानानंही मान्य केलंय."

मोबाईलवर त्यानं अवाढव्य सांगाड्याचा फोटो दाखवला. भगवानरावांनी तिथंच ठरवून टाकलं, की या जागी मंदिर बांधायचं.

नागप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाची, आपल्या महादेवाची, पूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत नसत. पण चाळीस वर्षं गूळ पारखलेला माणूस. फोटोत सांगाड्याची सावली एकीकडं पडली होती, शेजारच्या मजुराची दुसरीकडं.

"कुठला म्हणलात फोटो?"

"परदेशातला."

"कंच्या देशातला?"

योगीराजानं मोबाईल खिशात घातला.

नागप्पांची मुलगी ईश्वरी दिंद्रुडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टीला घरी आली होती. दात बघून म्हणाली, "अप्पा, हत्तीचा हाय हा." आणि तिनंही मोबाईलवर हत्तीच्या दाताचा फोटो शोधून दाखवला.

नागप्पा भडकले. "त्यानं बी मोबाईलच दाखवला. तुझं का म्हणून खरं मानू? तुझं पुस्तक तर माणसाला माकडाची औलाद म्हणतंय!"

"माकड आन् आपण एकाच पूर्वजाचे, असं म्हणतंय. आन् माझं मानूच नका. चला, दाखवते."

दुसऱ्या दिवशी दात पोत्यात गुंडाळून दोघं अंबाजोगाईला प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडं गेले. कॉलेजातल्या कपाटात हत्तीचा जबडा होता. नागप्पांनी त्यातल्या दातावरून बोट फिरवलं, मग आपल्या दातावरून. तशाच धारा. तरी त्यांचा संशय फिटेना.

"हा जबडा हत्तीचाच कशावरून?"

प्राध्यापकानं जुनी वही काढली. सर्कशीतला हत्ती मेला त्या दिवसाची नोंद, डॉक्टरची सही, सगळं तिच्यात होतं.

"बरं, माझा दात किती जुना?"

"माहीत नाही. तपासावं लागेल. आज आकडा सांगितला तर ती थाप होईल."

नागप्पांनी दात परत पोत्यात गुंडाळला. योगीराज एकदाही 'माहीत नाही' म्हणाला नव्हता.

संध्याकाळी शेतात पोचले तर मंदिराच्या भूमिपूजनाला माणसं जमलेली, नारळ फुटलेले. नागप्पांनी दात पोत्यातून काढून सगळ्यांसमोर ठेवला.

"हत्तीचा हाय. शंका असंल त्यानं माझ्यासंगं अंबाजोगाईला यावं, जबड्याला हात लावून बघावं. योगीराज, तुमी बी चला."

"तुमची श्रद्धाच नाही!" योगीराज ओरडला.

"माझा महादेव ह्या दातावर टेकलेला न्हाई."

योगीराज जीपकडं निघाला. भगवानराव मात्र थांबले. "गावाचं नाव झालं असतं, अप्पा. लई वाईट केलंत."

माणसं एकेक करून पांगली. जाताना कुणी नागप्पांशी बोललं नाही. दोन-तीन बायका तर दाताच्या पाया पडूनच गेल्या.

नागप्पा दात मांडीवर घेऊन बांधावर बसले. मग ईश्वरीला म्हणाले, "ते माकडाचं बी असंच हात लावून दाखवशील?"

"लई ठिकाणी हिंडावं लागंल, अप्पा."

"हिंडू. तवर मी न्हाई मानणार."