दोन्ही बाह्या डाव्या

"वर्षे, तीन चहा टाक वं!" पुढच्या खोलीतून हरीओमची ही चौथी हाक. वर्षाराणीच्या हातात कात्री होती.

मेडशीत माझ्या शेजारचंच हे घर. एका घरात दोन धंदे. पुढच्या खोलीत हरीओम मिक्सर-पंखे दुरुस्त करतो, दारावर पाटी आहे. बायकोचं विजेवरचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, गॅसजवळ. तिला कसली आलीय पाटी! मी तिच्याकडे ब्लाऊजला हुक लावायला जाते, म्हणून रोज बघते. हरीओमसाठी गिऱ्हाईक तासभर बाकावर बसतं. ही मात्र 'घरीच तर असते'!

त्या दिवशी वाशिमच्या दुकानवाल्या रंजीताताईंना नमुन्यादाखल तीन ब्लाऊज चारच्या एसटीने पाठवायचे होते. पसंत पडले की वर्षभराचं काम. दोन शिवून झाले होते. तिसऱ्याचं कापड अगदी मोजून दिलेलं.

कागदाचा साचा ठेवून एक बाही कापली आणि ती उठली. चहा केला, नेऊन दिला. परत येऊन घाईघाईत दुसरी बाही कापली, जोडायला घेतली आणि मध्येच मशीन थांबवलं.

"तुळसाकाकू, कागद पलटवाचा राह्यला. दोनी बाह्या डाव्याच कापल्या वं!"

चिंधीसुद्धा उरली नव्हती. तिचा आवाज ऐकून हरीओम आत आला.

"एवढं काय त्यात? लाईन नव्हती, मशीन बंद होती म्हनून सांग. मी गिऱ्हाइकाले तेच सांगतो."

तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. "ताई, एक ब्लाऊज बिघडला. आज येत नाही."

"काहून? लाईन गेली होती का?"

'हो म्हण' म्हणून हरीओम जोरजोरात मान हलवायला लागला.

"नाही ताई, लाईन होती. मी चहा करून राह्यली होती."

"घरून करनाऱ्या बायांचं हे असंच. राहू दे, मी टेलरमास्तरलेच देते." फोन बंद झाला.

मला तर रडूच आलं. "खोटं बोलली असती तर काय झालं असतं, माय?"

"दिवसभर राबली मी काकू. अन् नाव लाईनचं सांगू?"

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "हरीओमभाऊ, चहात साखरच नाही!"

हरीओमने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून बाहीचे टाके उसवत होती. मग तोच फळीपाशी गेला आणि एकेक डबा उघडून पाहू लागला.

साखर कोणत्या डब्यात आहे, मला ठाऊक होतं. मी काही सांगितलं नाही.