बसा, मी आलोच

उंचावर हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला दोन गोष्टी आल्या पाहिजेत, असं उर्गेन म्हणायचा: यंत्र हलकं करणं आणि खोटं बोलणं. यंत्र हलकं करणं सोपं. मागच्या खुर्च्या काढायच्या, दारं काढायची, इंधन जाऊन-येऊन पुरेल एवढंच ठेवायचं. एवढं करूनही बर्फाच्या प्रपातावरच्या त्या पांढऱ्या खोऱ्यात हवा इतकी विरळ, की यंत्र एकाच माणसाला उचलतं. दुसरा खाली राहतो. त्याला सांगायचं, "बसा, मी आलोच." बहुतेक वेळा ते खरंही होतं, आणि म्हणूनच माणसं विश्वास ठेवतात.

गेल्या वसंतात खाली राहिले ते त्याचे भिनाजू, म्हणजे थोरल्या बहिणीचे, यांजीदिदीचे यजमान. भिनाजू गिर्यारोहकांचे वाटाडे. शिखरावर नेलेल्या पाहुण्याला घेऊन उतरताना दोघांचेही पाय गोठले. भिनाजूंनी रीतीप्रमाणे पाहुण्याला आधी चढवलं. पात्यांच्या घरघराटात उर्गेन ओरडला, "भिनाजू, इथनं हलू नका! बसलाय तिथंच बसा. मी आलोच!" भिनाजूंनी हसून अंगठा वर केला. उर्गेन खाली पोचेतो ढगानं खोरं झाकून टाकलं.

दोन दिवस ढग उठला नाही. वरून पायी उतरणारी एक टोळी भिनाजूंपाशी थांबली होती. "चला, धरून नेतो," म्हणाली. भिनाजू म्हणाले, "नको. मेव्हण्यानं हलू नका म्हणून सांगितलंय. तो आला आणि मी दिसलो नाही, तर शोधत बसेल पोरगं." ओठ गोठून बोलणं बंद झाल्यावर ते रेडिओचं बटण नुसतं दाबायचे. खट्, खट्. म्हणजे, आहे मी. बेस कॅम्पवर उर्गेन कान लावून ऐकत बसला, आणि मग खटखट थांबली. पुढच्या आठवड्यात कडा कोसळला आणि ती जागाच गाडली गेली.

गुंबातल्या, म्हणजे गावच्या मठातल्या, लामांनी सात आठवडे त्यांना पुढची वाट सांगितली. शेर्पांच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो मागे वळून बघतो आणि वाट चुकतो. कपडे वाटून टाकले. चुलीजवळ खिडकीशी घरधन्याची जागा असते, तिथलं आसन दिदीनं गुंडाळून ठेवलं, त्यांचा लाकडी कप पालथा घातला. सगळं रीतसर पार पडलं. फक्त शेवटी लामा मान हलवून म्हणाले, "हा उठतच नाही. कुणाची तरी वाट बघतोय."

उर्गेनला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या खोऱ्यात शिरलं की त्याच्या कानात रेडिओ वाजायचा. खट्, खट्. त्याचा मेकॅनिक नरेंद्र महर्जन यानं हेडफोन बदलले, वायरी बदलल्या आणि शेवटी हात टेकले. उर्गेनला तो दाई, म्हणजे दादा, म्हणायचा.

"दाई, यंत्रात काही नाही," तो म्हणाला. "बिघाड असता तर मी सोडला असता का? तुम्ही दिदीकडे जा."

दिदी अंगणात बियाण्याचे बटाटे निवडत होती. तिनं मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"तू बसा म्हणालास, ते बसले. लामांनी घसा कोरडा केला म्हणून ते कशाला उठतील? तुझाच शब्द लागणार."

"काय म्हणू मग?"

"जा म्हण. माझी वाट बघू नका, उठा आणि जा. एवढंच. रडायचं नाही आणि घराचा विषय काढायचा नाही. मेलेल्याला घर आठवलं की संपलं."

"रागावले असतील का गं माझ्यावर?"

"ते? आमच्या लग्नात तू त्यांची टोपी याकच्या शिंगाला बांधून पळालास, तेव्हा तरी रागावले होते का? रागीट माणूस असता तर कधीच उठून गेला असता."

या वसंतात संधी आली. दोन नंबरच्या कॅम्पखाली, बरोबर त्याच उतारावर, एक पोलिश बाई अडकली होती. फुप्फुसांत पाणी झालं होतं. बेस कॅम्पवर नरेंद्रनं खुर्च्या आणि दारं काढली आणि वर बघितलं.

"ढग चढतायत, दाई. एकच फेरी. कबूल?"

"कबूल."

खोऱ्यात शिरताच कानात वाजलं. खट्, खट्. दोघा शेर्पांनी बाईला उचलून आत ठेवलं आणि वाऱ्याकडे पाठ करून ते कॅम्पच्या दिशेनं चालू लागले. उर्गेननं यंत्र पुरतं टेकवलं नव्हतं. भार इंजिनावरच होता आणि ताकदीचा काटा लाल पट्टीला भिडला होता. उताराच्या कडेला बर्फाचा एक उंचवटा होता, बसलेल्या माणसाएवढा. बोलायची हीच वेळ होती. हिवाळाभर घोकलेलं वाक्य बोलायला त्यानं तोंड उघडलं. पण एक जण आत चढला आणि एक खाली उरला, की त्या तोंडाला एकच वाक्य ठाऊक होतं.

"बसा, मी आलोच!" तो ओरडला.

शब्द तोंडातून निघून गेला होता. त्यानं यंत्र उचललं.

बेस कॅम्पवर बाईला उतरवलं. ती श्वास घेत होती. उर्गेननं यंत्र पुन्हा उचलायला घेतलं, तसा नरेंद्र धावत आला.

"दाई! एक फेरी ठरलं होतं!"

"वर पण शब्द दिलाय रे," उर्गेन म्हणाला, आणि गेला.

खोऱ्याचे कडे ढगात बुडत होते. उंचवटा तसाच होता. कानातली खटखट आता अगदी जवळून आली. फक्त 'जा' म्हणायचं होतं. पण कुठं जा? समोर बर्फात एक माणूस त्याच्याच शब्दावर बसून राहिलेला, आणि यंत्रात एकाची जागा रिकामी. उभ्या आयुष्यात उर्गेननं दुसरं काही केलंच नव्हतं. बसलेल्याला उचलायचं आणि खाली पोचवायचं, हेच त्याचं काम. गोठलेल्या माणसाला 'जा' कसं म्हणतात, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"चला, भिनाजू," तो म्हणाला. "घरी चला."

त्यानं दांडा वर ओढला. यंत्र रिकामं होतं, तरी काटा सरकत सरकत थेट लाल पट्टीला जाऊन भिडला. यंत्र जडपणे उठलं. हे वजन त्याला बरोबर ओळखता येत होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, इतकं बरं, की तो मोठ्यानं हसला आणि हसता हसता रडला. मागे मात्र त्यानं बघितलं नाही. बेस कॅम्पवरही थांबला नाही. उरल्यासुरल्या इंधनावर तो थेट खुमजुंग गावी, दिदीच्या बटाट्याच्या वावरात उतरला. यंत्र टेकलं आणि काटा खाली आला.

दिदी हात पुसत धावत आली. "म्हणालास?"

"दिदी, आणलं त्यांना! घरी आणलं."

ती जागच्या जागी थांबली. "आणलं?"

"एकटे बसले होते गं. जा कसं म्हणणार?"

दिदीनं दार नसलेल्या त्या रिकाम्या यंत्राकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अरे वेड्या," ती हळूच म्हणाली, "तिथं ते तुझ्या शब्दावर बसले होते. तिथनं तू उठवू शकत होतास. इथं त्यांचं घर आहे. इथनं आता कोण उठवणार त्यांना?"

उर्गेनच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. "मी आत्ता बोलतो," तो म्हणाला. "इथंच बोलतो."

"बोल."

तो घराच्या दारात जाऊन उभा राहिला. इंजिन बंद होतं, हेडफोन यंत्रातच राहिले होते. आतून, चुलीजवळच्या खिडकीशी, आवाज आला. खट्, खट्.

'जा' म्हणायला उघडलेलं तोंड त्यानं मिटून घेतलं.

दिदी त्याच्या बाजूनं आत गेली. गुंडाळलेलं आसन तिनं उलगडून अंथरलं, पालथा कप सुलटा केला आणि त्यात मीठ-लोण्याचा चहा काठोकाठ ओतला.

"हळू प्या," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "गरम आहे."

तिच्या आवाजावरून उर्गेनला कळलं, की 'जा' तीही म्हणणार नाही.